सोलापुरात राहून पूर्णवेळ नाटक: पैसे कुणाचे घ्यायचे, कुणाला द्यायचे?

तिसरी_घंटा

विद्यापीठाचा युवा महोत्सव आटोपला की मुलं विचारायला येतात, "ताई, नाटकातच राहायचंय. सोलापुरात राहून जमेल का?" दर वर्षी मुलं वेगळी, प्रश्न तोच. तालमीच्या घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून एकदा नीट लिहितेय. इथे पडद्यामागची माणसं आहेत, सोलापूर सोडून गेलेले आहेत, नुसते प्रेक्षकही आहेत. सगळ्यांनी आपापलं सांगावं.

जाणाऱ्यांना मी अडवत नाही. फय्याज आपल्या सोलापूरच्या. जब्बार पटेल इथल्याच शाळेत शिकले. अतुल कुलकर्णी इथे हौशी नाटकं करत होते, तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. ते गेले ते चांगलंच झालं. पण जे राहतात त्यांच्याविषयी बोलताना आपला सूर 'बिचारे राहिले' असा लागतो, तो मला अजिबात पटत नाही. इथे राहून नाटक करणं हा विचार करून धरलेला रस्ता असू शकतो. त्याला शिस्त मात्र लागते.

ती शिस्त पैशांपासून सुरू होते असं माझं मत आहे. तत्त्वांची गोष्ट निघाली की लोक नाटकाचा विषय सांगतात. आमचं नाटक शेतकऱ्यावर आहे, आमचं जातीवर आहे. उत्तम. पण त्याच नाटकाच्या लाइटवाल्याचे पैसे कित्येक महिने थकलेत, लेखकाला प्रयोग झाल्याचं कळवलेलंसुद्धा नाही आणि मुलींना रात्री साडेअकराला तालमीहून एकट्या घरी पाठवलंय, तर त्या विषयाचं काय घेऊन बसायचं? कुठल्याही ग्रुपची संहिता वाचण्याआधी मी त्यांची हिशेबाची वही बघायला मागते. कुणाचे घेतले, कुणाला दिले, कुणाचे बुडवले, सगळं तिथे असतं.

माझं घर कसं चालतं तेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये मुलांची नाट्यशिबिरं. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांची गॅदरिंग. गणपतीत मंडळांच्या जिवंत देखाव्यांचं लेखन आणि आवाजाचं रेकॉर्डिंग. अधूनमधून सरकारी खात्यांची पथनाट्यं. यातून जे वाचतं त्यावर उरलेल्या महिन्यांत स्वतःचं नाटक. गॅदरिंगला कुणी कमी लेखू नये. सिनेमाच्या गाण्यांवर नाच मी बसवत नाही, नाटुकली बसवते, वर्गातलं प्रत्येक पोर रंगमंचावर येईल अशी. काही शाळांनी त्यामुळे बोलावणं बंद केलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्या मुलांमधूनच आता माझ्या ग्रुपला नट मिळतात. एमआयडीसीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं आहेत ती, आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

पथनाट्यांबाबत माझा एक नियम आहे. मतदान, स्वच्छता, लसीकरण ही कामं घेते. पक्षाच्या प्रचाराचं घेत नाही, कुठल्याही पक्षाच्या नाही. निवडणुकीत तोच सगळ्यात मोठा पैसा असतो हे माहीत असून घेत नाही. कारण त्याच चौकात पुढच्या महिन्यात मला माझं नाटक घेऊन उभं राहायचं असतं.

राज्य नाट्य स्पर्धेबद्दलही बोलायला हवं. १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या हौशी माणसाला रंगमंच मिळाला तो हिच्यामुळे, आणि आपल्या सोलापूर केंद्राचे उपकारही मी विसरणार नाही. पण तीन-तीन महिने तालीम, कर्ज काढून नेपथ्य, प्राथमिक फेरीचा एक प्रयोग आणि दुसऱ्या दिवशी सेटची फळकुटं गोदामात, हे किती वर्षं करायचं? निकालानंतर प्रयोग झालाच नाही, तर आपण ते नाटक परीक्षकांसाठी केलं. शहरासाठी केलंच नाही.

आता आमच्यापुढचा पेच. विडी वळणाऱ्या बायकांवर दोन अंकी नाटक करतोय. एका विडी कारखानदाराच्या नात्यातल्या गृहस्थांनी निर्मितीचा सगळा खर्च देऊ केलाय. अट काही नाही. माणूस सज्जन आहे, नाटकाचा खरा शौकीन आहे. ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. तुम्ही असता तर काय केलं असतं?

पूर्वभाग_पोरगी

ताई, माझी अम्मा विड्या वळते. आज्जीपण वळायची. मी बीए करताना पानं कापून द्यायचे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

पैसे घेऊ नका. ते गृहस्थ चांगले असतील, पण ते पहिल्या रांगेत बसले की हजार विड्यांच्या मजुरीवरचा प्रवेश तुमचा नट हळू आवाजात करेल. त्यांनी सांगावं लागणार नाही. नट आपणहून करेल.

दुसरं विचारते. प्रयोग कुठे करणार? हुतात्मा स्मृती मंदिरात केला तर अम्मा येणार नाही. तिकिटाचा प्रश्नच नाही, तुम्ही पास द्याल. पण रिक्षा कोण देणार, रात्री उशिरा परत कसं यायचं, आणि त्या खुर्च्यांमध्ये बसून मोठ्यानं हसलं तर कुणी वळून बघेल का, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. तिच्यावरचं नाटक तिच्याशिवाय सगळं सोलापूर बघणार असेल तर मला वाईट वाटेल.

आणि तेलुगू ठेवा. आमच्या घरात मजुरीवरून भांडण होतं ते मराठीत होत नाही.

दिवाबत्ती

ताई, लाइटवाल्याचं लिहिलंत म्हणून लई बरं वाटलं. मी तेच काम करूलालोय कित्येक वर्षं. लग्नाच्या सीझनला, मंडळाच्या कामाला पैसे रोख मिळत्यात. नाटकवाले मात्र मला कार्यकर्ता समजत्यात. जाहिरातीत नाव मोठं टाकत्यात, प्रयोग झाल्यावर स्टेजवर बोलवून नारळ देत्यात, आणि पैशाचं विचारलं की "निकाल लागू दे की रे." निकालाचा आणि माझ्या डिमरच्या भाड्याचा काय संबंध?

एक ग्रुप आहे, नाव सांगत नाही, पोरं कॉलेजची हायती. त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलं की अर्धे आधी, अर्धे पडदा पडल्यावर त्याच रात्री. त्यांच्या प्रयोगाला मी माझ्या खिशातून दोन दिवे जादा लावले. कुणी सांगितलं नव्हतं.

नवीन पोरांनी एवढं लक्षात ठेवावं. लाइट, मेकअप, कपडेपट, टेम्पोवाला यांची यादी नटांच्या यादीच्या वर लिहा.

बोरिवली_मुक्काम

मी सोडून गेलेल्यांपैकी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, ऑडिशन द्यायची आणि परत, असं बरंच केलं. आता मालिकांमध्ये छोटी कामं करतो, त्याचे पैसे तीन महिन्यांनी हातात येतात. अधूनमधून व्यावसायिक नाटकात असतो, तिथे प्रयोग झाला की नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळते. म्हणजे मुंबईत सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही.

पण ताई, एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. तुम्ही राहण्याबद्दल इतकं लिहिलंत, शिकण्याबद्दल एक ओळ नाही. सोलापुरातला होतकरू नट आवाजाचं, शरीराचं, संहिता कशी फोडायची याचं शिक्षण कुठे घेतो? स्पर्धेत. म्हणजे चुकत चुकत. मला हे सगळं तिशीत कळलं आणि तोवर सवयी पक्क्या झाल्या होत्या. माझं म्हणणं, वीस-बावीसच्या पोरांना आधी बाहेर पाठवा. पुण्याला विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी आहे, संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे, दिल्लीत तीन वर्षं शिष्यवृत्ती घेऊन शिकता येतं. शिकून परत आले तर सोलापूरचं भलं. नाही आले तरी त्यांचं तरी भलं. अर्धवट शिकलेल्यानं तत्त्वाचं नाटक वाईट केलं तर त्या तत्त्वाचंच नुकसान होतं.

तिसरी_घंटा

@बोरिवली_मुक्काम, हे शंभर टक्के मान्य, आणि तू ते स्पष्ट लिहिलंस याबद्दल आभार. मुलांनो, हे वाचून ठेवा: केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात नाटकही येतं. आपल्याकडून फार कमी मुलं अर्ज करतात. अर्ज लिहायला मी बसेन तुमच्याबरोबर.

फक्त परत येण्यासाठी इथे काहीतरी उभं असायला हवं. शिकून आलेल्या मुलाला आपण काय देतो? पुढच्या स्पर्धेतली मुख्य भूमिका. आणखी काही नाही.

@पूर्वभाग_पोरगी, तुझं उत्तर वाचून ग्रुपमध्ये जे दोन तट होते त्यांतला एक गप्प झालाय. सविस्तर लिहिते, थोडा वेळ दे.

कन्नड_चौक

परत येणाऱ्याला काय द्यायचं, यावर शेजारी बघा असं सुचवतो. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कलबुर्गी आहे. तिथे रंगायण ही सरकारी नाट्यसंस्था आहे. मूळ रंगायण म्हैसूरला, ब. व. कारंतांनी १९८९ मध्ये उभं केलं. कर्नाटक सरकारनं पुढे धारवाड, शिवमोग्गा आणि कलबुर्गीलाही शाखा काढल्या. नट तिथे मानधनावर काम करतात, तालीम हीच त्यांची नोकरी. कलबुर्गी काही बेंगळुरू नव्हे, आपल्यासारखंच उन्हाचं, डाळीचं, रेल्वे जंक्शनच्या आसपासचं गाव. त्यांना मिळतं ते सोलापूरला का मिळू नये, हा प्रश्न आपण नाट्यसंमेलनाच्या मांडवात विचारायला हवा होता. जानेवारी २०२४ मध्ये शंभराव्या संमेलनाचा विभागीय सोहळा आपल्याच नॉर्थकोटच्या मैदानावर झाला. गर्दी झाली, हौस झाली. मागणी काय केली?

आणि सरकारचीच वाट बघायची असंही नाही. हेग्गोडु हे शिमोग्याकडचं खेडं. तिथल्या नीनासम या नाट्यसंस्थेचं फिरतं पथक, तिरुगाट, १९८५ पासून कर्नाटकभर नाटकं घेऊन फिरतं. के. व्ही. सुब्बण्णांनी हे खेड्यात बसून केलं, १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. माझ्या मामाच्या गावात त्यांचा प्रयोग शाळेच्या पटांगणात बघितलाय. तिकीट होतं, आणि लोकांनी काढलं होतं.

घरी आम्ही कन्नड बोलतो, शाळा मराठी, गल्लीत उर्दू आणि तेलुगू. त्यामुळे वरच्या ताईंच्या तेलुगूच्या मुद्द्याला माझा जोरदार पाठिंबा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. या चौघांच्या घरांत एकच भाषा बोलत नसणार. ज्या रंगमंदिराला त्यांची आठवण दिलीय तिथे मात्र सगळी पात्रं पुण्याच्या सदाशिव पेठेतली असल्यासारखी बोलतात.

अमर_बार्शी

बार्शीचा म्हणून एकच आठवण. शाहीर अमर शेख आमचे. गिरणीत काम केलं, कामगारांच्या लढ्यात गायले, मग अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. या जिल्ह्यात कलावंतानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हा प्रश्न नवीन नाही. विडी कारखानदाराचे पैसे घेऊ नयेत.

सातरस्ता_प्रेक्षक

मी बँकेतून निवृत्त, नाटक बघणारा माणूस. माझं म्हणणं थोडक्यात. मुंबईचं नाटक आलं की ठेकेदार तिकीट लावतो आणि आम्ही रांगेत उभे राहून काढतो. स्थानिक ग्रुपचा प्रयोग असला की फोन येतो, "काका, या नक्की, पास ठेवलाय." का? तुमच्या मेहनतीची किंमत तुम्हीच शून्य लावता, मग आम्ही कशी लावणार? मला पास देऊ नका. दोनशे रुपये तिकीट ठेवा. नाटक आवडलं तर दुसऱ्या प्रयोगाला शेजाऱ्याला घेऊन येईन, त्याचंही मी काढेन.

खातेवही

कर सल्लागार आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. काकांनी दोनशे म्हटलं म्हणून: नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारात सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यालाही सूट आहे, जाहिरातीतलं काम मात्र त्यात धरू नका. कर लागेल या भीतीनं पास वाटणारे ग्रुप मी पाहिलेत, त्यांच्यासाठी सांगितलं.

लेखकाच्या मानधनाचंही तसंच. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. "ते तर वारले" म्हणून फुकट प्रयोग करता येत नाही. परवानगीचं पत्र आणि प्रत्येक प्रयोगाची रक्कम, दोन्ही वहीत हवं.

मूळ_गडचिरोली

नोकरीसाठी सोलापुरात आहे, गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाचं. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्याचं केंद्र, तिथे मंडळांची ऑफिसं असतात, गावकरी येऊन नाटक बुक करतात. नट हंगामभर त्यावर जगतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी आमच्या नाटकांना बरीच नावं ठेवली. काही बरोबरही होती, मेलोड्रामा फार असतो. पण तिथला प्रेक्षक धानाचे पैसे हातात आले की पहिल्यांदा नाटकाचा विचार करतो. सोलापूर जिल्ह्यात गावोगावी जत्रा आहेत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तर महिनाभर चालते. तिथे पाळणे, मौत का कुआँ, खाऊचे स्टॉल सगळं असतं. तुमचं नाटक कुठे आहे तिथे?

पूर्वभाग_पोरगी

@मूळ_गडचिरोली, गड्ड्यावर नाटक ही कल्पना फारच आवडली. अम्मा दर वर्षी गड्ड्याला जातेच.

अजून एक लिहायचं राहिलं होतं, मुलींविषयी. मी कॉलेजला एकांकिकेत होते. तालीम रात्री आठ ते साडेदहा. बाबांनी पहिल्या वर्षी सोडायला यायचं कबूल केलं, दुसऱ्या वर्षी नाही. मी सोडलं. माझ्याबरोबरच्या आणखी मुलींनी पण सोडलं. मग ग्रुपचे लोक म्हणाले, पूर्व भागातल्या, म्हणजे आमच्या तेलुगू वस्तीतल्या, मुली टिकत नाहीत. तालीम संध्याकाळी साडेपाचला ठेवली असती तर आम्ही टिकलो असतो. मुलगे नोकरीवरून सातला येतात म्हणून आठ वाजता, आणि मुलींच्या घरचं कुणी विचारलं नाही.

आणि दिग्दर्शक किंवा कुणी वाईट वागलं तर सांगायचं कुणाला, हे पण आधी ठरलेलं हवं. तेव्हा आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

खातेवही

@पूर्वभाग_पोरगी, २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान ग्रुप असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिच्याकडे तक्रार करता येते. नाटकाच्या ग्रुपनं तालमीच्या पहिल्याच दिवशी ही माहिती सगळ्यांना वाचून दाखवावी.

तिसरी_घंटा

काल ग्रुपची बैठक झाली, आता लिहिते.

कारखानदाराच्या नातेवाइकांना आम्ही नकार कळवला. मी स्वतः घरी जाऊन सांगितलं, फोनवर नाही. त्यांना विनंती केली की तिकीट काढून प्रयोगाला या आणि जे खटकेल ते तोंडावर सांगा. ते येणार आहेत. ज्याचे पैसे घेतले नाहीत त्याच्याशी मोकळं बोलता येतं, आणि मला त्यांचं मत खरोखर हवंय.

नेपथ्य पूर्ण काढून टाकलं. सूप, पानांचं भिजवलेलं पोतं, एक दिवाण आणि उभी दोरी. दोन रिक्षांत मावेल एवढंच सामान. त्यामुळे खर्च इतका खाली आला की बाहेरच्या एकगठ्ठा पैशाची गरजच राहिली नाही. ग्रुपमधल्या कमावत्या लोकांनी वर्गणी काढली, ती उसनी म्हणून लिहिलीय, तिकिटांतून परत होईल. @दिवाबत्ती, तुमची रक्कम यादीत सगळ्यात वर आहे आणि अर्धी उद्याच देते.

पहिला प्रयोग विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मोकळ्या जागेत, विनातिकीट. त्यानंतर फडकुले सभागृहात दोनशे रुपये तिकीट लावून. पास एकही नाही, माझ्या आईलासुद्धा नाही. स्पर्धेत उतरायचं की नाही यावर एकमत झालेलं नाही. तरुण मुलांना हवंय, आणि त्यांची हौस मी मोडणार नाही. फक्त स्पर्धेच्या आधी नाटकाचे जाहीर प्रयोग झालेले असले पाहिजेत, एवढी अट घातलीय.

तालीम साडेपाच ते आठ. नोकरीवाले मुलगे उशिरा येतील, त्यांचे प्रवेश शेवटी घेऊ.

भाषेवरून बरीच वादावादी झाली. काही जणांचं म्हणणं, तेलुगू आलं की मराठी प्रेक्षक तुटेल. मला तसं वाटत नाही. तेलुगूत सुरभीची घराणी १८८५ पासून पिढ्यानपिढ्या नाटक करत आलीत, म्हणजे त्या भाषेला रंगमंच परका नाही. आणि सोलापूरचा मराठी माणूस बाजारात रोज तेलुगू ऐकतो, त्याला भांडणाचा सूर कळतोच. मजुरीचा प्रवेश तेलुगूत ठेवायचं ठरलंय. सासू तेलुगूत बोलेल, शाळेत जाणारी नात मराठीत उत्तर देईल.

@पूर्वभाग_पोरगी, तो प्रवेश मी लिहू शकत नाही. तू आणि अम्मा मिळून सांगाल का? लेखनात दोघींचं नाव जाईल आणि लेखनाचं मानधन दोघींना मिळेल.

पूर्वभाग_पोरगी

ताई, अम्माला विचारलं. ती आधी नको म्हणाली, मग रात्री जेवताना आपणहून तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तर तुमच्या नाटकाचा शेवट बदलेल अशी आहे. तुम्ही घरी या. सकाळी ती विड्या द्यायला कारखान्याच्या ब्रँचवर जाते, तिथून आल्यावर स्वयंपाक उरकून मोकळी होते. दुपारी एकनंतर कधीही. ती हात थांबवणार नाही, वळता वळता बोलेल, चालेल ना? आणि नाव घालायचं तर तिचं लग्नाआधीचं नाव घाला म्हणते.

तिसरी_घंटा

चालेल म्हणजे काय, तसंच हवंय. गुरुवारी दुपारी येते. बरोबर आमची सासू करणारी नटी असेल, तिला हातांची हालचाल बघायचीय. तेलुगू संवाद महिनाअखेरीपर्यंत पक्के करायला लागतील, कारण संहिता नाटकं तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायचीय आणि प्रमाणपत्राशिवाय सभागृहातला प्रयोग लावता येत नाही. तेलुगूचा भाग देवनागरीत लिहून शेजारी मराठी अर्थ देऊ. @कन्नड_चौक, तुमच्या गल्लीत तेलुगू चांगलं वाचणारं कुणी असेल तर तपासायला हवं आहे. कामाचे पैसे देऊ.

दिवाबत्ती

ताई, विडी घरकुलातल्या प्रयोगाला वीज कुठनं घेणार? मंडळाच्या मीटरवरनं घेतली तर लोड झेपत नाही, गणपतीत दोनदा गेलीय. मी एकदा जागा बघून येतो, मग जनरेटर लागतो का सांगतो.